डबक्यातून दर्यापार

गणपती उठतात, पाऊस उघडीप देऊ लागतो आणि दोन-तीन दिवस कडक ऊन पडले की मैदानांवर, गावाबाहेरच्या माळांवर, शहरातल्या इमारतींच्या गच्च्यांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, एकाच पट्ट्यात पुढे-मागे, तासन्‌तास. शे-दोनशे असले तरी एकमेकांवर आदळत नाहीत. खाली उतरून गवताच्या काडीवर बसलेला त्यांतला एखादाही चटकन सापडत नाही. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. मोठी माणसे सहसा वर बघत नाहीत, कारण हे चतुर दरवर्षी येतात आणि भरपूर येतात.

या थव्यांतले बहुतेक चतुर एकाच जातीचे असतात. पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स हे तिचे शास्त्रीय नाव. इंग्रजीत त्याला ग्लोब स्किमर किंवा वाँडरिंग ग्लायडर म्हणतात. इथे आपण त्याला भटका चतुर म्हणू. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर त्याची नोंद आहे, आणि चतुरांमध्ये इतका दूरवर पसरलेला दुसरा कोणी नाही. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या अंगानिशी तो अरबी समुद्र आणि हिंदी महासागर ओलांडतो, असे गेल्या पंधरा-वीस वर्षांतील पुरावे सांगतात.

या भटकंतीची सुरुवात डबक्यात होते. नदीत नाही, बारमाही तळ्यात नाही. पावसाने भरणाऱ्या आणि दोन-तीन महिन्यांत आटून जाणाऱ्या डबक्यात. त्याचे रुंद पंख, त्याची भूक, त्याचे घाईचे बालपण आणि समुद्र पार करण्याची ताकद या सगळ्यांचा उलगडा त्या आटणाऱ्या पाण्यापाशी होतो.

तळ्याकाठी बसून चतुर पाहणाऱ्याला भटका चतुर सुरुवातीला चकवतो. तळ्यावरचे बरेचसे चतुर जागा धरून असतात. लालभडक क्रोकोथेमिस चतुराचा नर पाणगवताच्या एखाद्या टोकावर ठाण मांडतो, दुसरा नर आला की त्याला हुसकावतो आणि फिरून त्याच टोकावर येऊन बसतो. त्याला शोधायचे तर ते टोक शोधावे. भटक्या चतुराला शोधायचे तर पाण्याकडे पाठ करून मोकळ्या आकाशाकडे पाहावे लागते. ऊन असेपर्यंत तो हवेतच असतो. संध्याकाळी किंवा आभाळ भरून आल्यावर तो झुडपात शिरतो आणि बारीक फांदीला अंग सरळ खाली सोडून लटकतो. इतर कितीतरी चतुर काडीवर आडवे बसतात. हा टांगलेला असतो. लांबून ओळखायला एवढी खूण पुरते.

जवळून पाहिला तर तो पहिल्या नजरेत भपकेबाज वाटत नाही. चेहरा पिवळा, वयात आलेल्या नराचा तांबूस. डोळे वरच्या अर्ध्या भागात तांबूस तपकिरी आणि खाली निळसर राखाडी. छाती फिकट सोनेरी, तिच्यावर बारीक लव. पोट पिवळे, नराच्या पाठीवर नारिंगी-तांबूस झाक, शेपटीकडच्या शेवटच्या खंडांवर काळे डाग. नुकताच कात टाकून बाहेर आलेला चतुर मात्र वाळल्या गवतासारखा फिका असतो. रंग वयाबरोबर चढत जातो. खरी देखणी गोष्ट म्हणजे पंख. सात ते साडेआठ सेंटिमीटरचा पसारा, काचेसारखे स्वच्छ, टोकापाशी प्रत्येकी एक तांबूस ठिपका. मागच्या जोडीचा मुळाकडचा भाग इतका रुंद असतो की तो पंख अर्धगोल भासतो.

तो रुंद भाग हेच भटक्या चतुराचे भांडवल आहे. चतुरांच्या चारही पंखांचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पंख वेगळा हलवता येतो. पुढची जोडी वर असताना मागची खाली, एका बाजूचा पंख तिरका, दुसऱ्या बाजूचा सरळ; अशा फेरफारांतून तो जागच्या जागी थांबतो, गर्रकन वळतो, क्षणभर मागेही सरकतो. हे कौशल्य सगळ्याच चतुरांकडे आहे. भटक्या चतुराने त्यात भर घातली ती तरंगण्याची. रुंद मागच्या पंखांवर हवा तोलून धरता येते, मग पंख न हलवता तो बराच वेळ घसरत राहतो आणि वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत सापडला की फुकटात उंची मिळवतो. पंखाच्या टोकाजवळचा ठिपकाही शोभेचा नाही. तो भाग बाकीच्या पंखापेक्षा जड असतो, आणि वेगात तरंगताना पंख फडफडू नये म्हणून त्या वजनाचा उपयोग होतो, हे स्वीडिश शास्त्रज्ञ नॉर्बर्ग यांनी १९७२ साली दाखवले.

मैदानावरच्या त्या घिरट्या म्हणजे शिकार असते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि तिच्याबरोबर डास, चिलटे, बारीक माश्या, पंख फुटलेल्या मुंग्या व वाळवी वर जातात. चतुराच्या डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनी व्यापलेला असतो आणि मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यात सुमारे तीस हजार नेत्रिका असू शकतात. सहा पाय चालण्यासाठी जवळपास निरुपयोगी. ते पुढे झुकवून तो काटेरी टोपली करतो, तिच्यात भक्ष्य पकडतो आणि उडता उडताच खाऊन टाकतो. पावसानंतर वाळवी उठली की घारी, कोतवाल आणि भटके चतुर एकाच ढगात जेवताना दिसतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १७९८ साली योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने केले, आणि तेही भारतातून गेलेल्या नमुन्यावरून. फॅब्रिशियस हा लिनियसचा विद्यार्थी. पुढे भारतीय चतुरांच्या अभ्यासाचा पाया घातला तो फ्रेडरिक फ्रेझर या लष्करी डॉक्टरने. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतले त्याचे चतुरांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात निघाले आणि आजही अभ्यासक ते उघडतात.

आता डबक्याकडे.

पहिल्या मोठ्या पावसांनंतर जमिनीच्या खोलगट भागांत पाणी साचते. कोकणातल्या सड्यांवर जांभ्याच्या खळग्यांत, देशावर बांधाच्या कडेला, भातखाचरांत, शहरात बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यांत. अशा ताज्या पाण्यात अजून मासे नसतात, मोठे पाणकिडे नसतात, इतर चतुरांच्या वाढलेल्या अळ्या नसतात. भटक्या चतुराची मादी हेच पाणी निवडते. कधी नर तिला मानेशी धरून असतो आणि जोडी एकत्र उडते, कधी ती एकटी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर शेपटीचे टोक टेकवत ती अंडी सोडत जाते. एका वेळी पाचशेपासून दोन हजारांपर्यंत. अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि उबदार पाण्यात आठवड्याभरात फुटते.

अळीला वेळ दवडून चालत नाही. थंड प्रदेशातल्या काही चतुरांच्या अळ्या दोन ते पाच वर्षे ओढ्याच्या तळाशी काढतात. भटक्या चतुराची अळी ३८ ते ६५ दिवसांत वाढ पुरी करते. एवढी घाई परवडण्यासाठी ती सतत खात असते. बहुतेक चतुरांच्या अळ्या चिखलात दबा धरून बसतात. ही उघड्या पाण्यात पोहत शिकार शोधते. डासांच्या अळ्या, बारीक पाणकिडे, बेडकांची लहान पिल्ले, वेळ पडली तर आपलीच भावंडे. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो डोळ्याचे पाते लवण्याआधी पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत भक्ष्य पकडून ते तोंडाशी ओढून आणतो. श्वासासाठीचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. तिथे घेतलेले पाणी जोरात मागे सोडले की अळी पुढे झेपावते. श्वास आणि पळ काढणे, दोन्ही एकाच इंद्रियाने.

या बेधडक जगण्याची किंमतही आहे. मासे असलेल्या पाण्यात अशी उघड्यावर फिरणारी अळी फार काळ वाचत नाही. बारमाही तळी इतर चतुरांच्या ताब्यात, म्हणून तिच्यासाठी डबकीच उरतात. आणि डबके आटायच्या आत बाहेर पडायचे, ही अट.

वाढ पुरी झाली की अळी रात्रीच्या अंधारात गवताच्या काडीवर किंवा खड्ड्याच्या कडेवर चढते. पाठीची कातडी फाटते आणि चुरगळलेला, फिकट चतुर बाहेर येतो. फुलपाखरासारखा कोश नाही, मधला विसावा नाही. पंखांच्या शिरांतून द्रव पसरतो, पंख ताठ होतात, आणि उजाडता उजाडता तो उडून जातो. काडीला चिकटलेली रिकामी कात तेवढी मागे राहते.

मादीला पाणी कसे दिसते, हा प्रश्न गेल्या काही दशकांत बराच उलगडला आहे. सपाट पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित होतो आणि चतुरांचे डोळे ते ध्रुवीकरण ओळखतात. मोकळ्या आकाशातून उडताना पाणी हेरण्याची ही उत्तम युक्ती होती, जोवर पृथ्वीवर सपाट आणि चकचकीत असे फक्त पाणीच होते. हंगेरीतील गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गडद रंगाच्या गाड्यांची टपे, घासून गुळगुळीत केलेले काळे दगड, सांडलेले तेल, काळे प्लास्टिक हे सारे त्याच तऱ्हेचा प्रकाश परावर्तित करतात, आणि चतुर फसतात. भटक्या चतुराची मादी उन्हात उभ्या गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर पुन्हा पुन्हा शेपटी टेकवताना दिसते, ती खेळत नसते. ती अंडी घालत असते आणि ती अंडी तापल्या पत्र्यावर वाळून जातात. ताज्या पाण्याच्या शोधात नव्या, अनोळखी जागी उतरणाऱ्या जातीला ही फसगत सगळ्यात जास्त महागात पडत असावी.

डबके आटले की पुढचे डबके कुठे असेल? उष्ण कटिबंधात याचे उत्तर वाऱ्यात असते. जिथे दोन दिशांचे वारे एकत्र येऊन हवा वर चढते तिथे पाऊस पडतो. वाऱ्याबरोबर वाहत जाणारा कीटक आपोआपच पावसाच्या पट्ट्याकडे नेला जातो. म्हणून भटका चतुर वाऱ्याशी झुंजत नाही. तो वर जातो, योग्य वारा सापडला की त्यावर स्वार होतो आणि पाऊस पडलेल्या प्रदेशात उतरतो. पावसाचा पट्टा वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सरकत राहतो, आणि चतुरांच्या पिढ्या त्याच्यामागे सरकतात. एका पिढीने एका जागी जन्मायचे, दुसऱ्या जागी अंडी घालायची आणि तिथेच संपायचे. पुढची वाट पुढच्या पिढीने धरायची. प्रौढ चतुराचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते.

हे चक्र किती मोठे असू शकते याचा सुगावा लागला तो मालदीवमध्ये, आणि तोही कीटकांच्या अभ्यासकाला नाही. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९८३ साली तिथे राहायला गेले. दरवर्षी ऑक्टोबरात माले शहरात अचानक चतुरांची गर्दी होते, हे त्यांच्या लक्षात आले. मालदीवची सुमारे बाराशे बेटे प्रवाळाची आहेत. पावसाचे पाणी तिथे जमिनीत मुरून जाते. चतुरांना वाढण्याजोगे गोडे पाणी जमिनीवर जवळपास टिकत नाही. दक्षिण भारताचा किनारा पाचशे ते हजार किलोमीटर दूर. मग लाखो चतुर येतात कुठून?

अँडरसन यांनी सर्वात साधे काम केले: तारखा लिहून ठेवल्या. वर्षानुवर्षे, बेटामागून बेट. त्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर क्रम दिसू लागला. उत्तरेकडच्या बेटांवर चतुर आधी, दक्षिणेकडे नंतर. सेशेल्समध्ये त्यानंतर, नोव्हेंबरात. आणि अल्डाब्रा बेटावर आणखी पुढे, डिसेंबरात. म्हणजे भारताच्या बाजूने निघून नैऋत्येकडे आफ्रिकेच्या दिशेने सरकणारी लाट. पण एक अडचण होती. ऑक्टोबरात मालेला जमिनीलगतचा वारा पश्चिमेकडून, म्हणजे जवळपास उलट दिशेने वाहत असतो. एवढासा कीटक समोरच्या वाऱ्यात शेकडो किलोमीटर कसा येईल?

उत्तर उंचीवर होते. पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकत असताना खाली वारा एका दिशेचा असतो, पण हजार मीटरच्या वर ईशान्येकडून येणारे वारे तोवर सुरू झालेले असतात. चतुर त्या वरच्या वाऱ्यांवर येत होते आणि बेटापाशी खाली उतरत होते. २००९ साली ‘जर्नल ऑफ ट्रॉपिकल इकॉलॉजी’मध्ये अँडरसन यांनी पूर्ण चक्र मांडले. भारतात पावसाळ्यात वाढलेली पिढी शरदात मालदीव आणि सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत पोहोचते. तिथल्या पावसाच्या डबक्यांत पुढच्या पिढ्या वाढतात. आणि मे-जूनमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर त्यांचे वंशज भारतात परततात. सुमारे चार पिढ्यांत मिळून १४ ते १८ हजार किलोमीटर.

दावा मोठा होता आणि तो तपासणे कठीण. पक्ष्याच्या पाठीवर प्रेषक बांधतात तसा इथे बांधता येत नाही. अमेरिकेतील ग्रीन डार्नर या दणकट चतुराला मार्टिन विकेल्स्की यांच्या चमूने प्रेषक चिकटवून विमानातून माग काढला होता. पण तो प्रेषक ०.३ ग्रॅमचा होता, म्हणजे भटक्या चतुराच्या जवळपास सगळ्या वजनाएवढा. त्यामुळे पुरावा चतुराच्या शरीरातूनच काढावा लागला.

पाण्यातल्या हायड्रोजनचा एक जड प्रकार असतो, ड्यूटेरियम. पावसाच्या पाण्यात त्याचे प्रमाण प्रदेशानुसार बदलते. अळी ज्या पाण्यात वाढते त्यातले प्रमाण तिच्या शरीरात आणि पुढे पंखांत उतरते. पंख ही निर्जीव ऊती. एकदा तयार झाली की तिच्यात बदल होत नाही. चतुर कुठेही उडून गेला तरी जन्मडबक्याची नोंद पंखावर राहते. कीथ हॉब्सन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतले हे प्रमाण मोजले आणि २०१२ साली निष्कर्ष छापला: हे चतुर दक्षिण भारतातल्या किनाऱ्यावरचे नव्हेत, ते उत्तर भारतातून आणि कदाचित त्याही पलीकडून आलेले आहेत. मालेला उतरण्याआधीच त्यांनी अख्खा भारतीय द्वीपकल्प पार केलेला असतो. म्हणजे महाराष्ट्राच्या माळांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसणाऱ्या थव्यांत इथे जन्मलेले चतुर असतात, तसे उत्तरेकडून आलेले प्रवासीही असणार.

दुसरा पुरावा जनुकांचा. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात जेसिका वेअर आणि डॅनियल ट्रोस्ट यांच्या चमूने अमेरिका खंड, जपान, कोरिया, भारत अशा दूरदूरच्या ठिकाणचे भटके चतुर जमवून त्यांचे डीएनए ताडून पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्यात इतके साम्य आढळले की जगभरात जणू एकच मोठी, आपापसात मिसळणारी वस्ती असावी. एरवी दोन खोऱ्यांतल्या चतुरांमध्येही फरक सापडतात.

राहिला प्रश्न इंधनाचा. माले ते सेशेल्स हे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि वाटेत पाणी आणि पाणीच. अंगात साठवलेल्या चरबीवर भटका चतुर सुमारे ९० तास हवेत राहू शकेल, असे गणित मांडले गेले आहे. चतुराचा स्वतःचा वेग सेकंदाला चार-पाच मीटर धरला तर तेवढ्या वेळात दीड हजार किलोमीटरच्या आसपास मजल जाते. उरलेले अंतर वाऱ्याने भरून काढावे लागते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या योहाना हेडलंड आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रत्यक्ष हवामानाच्या नोंदी वापरून असे प्रवास संगणकावर उडवून पाहिले. प्रवास शक्य ठरला, पण योग्य दिवशी, योग्य वारा निवडून निघणाऱ्यांनाच. चुकीच्या दिवशी निघालेला चतुर समुद्रात पडतो. असे किती पडत असतील याचा विचार केला म्हणजे दोन हजार अंड्यांचा हिशेब लागतो.

या वाटेवर चतुर एकटे नसतात. अमूर ससाणा हा कबुतराहून लहान शिकारी पक्षी सैबेरिया आणि ईशान्य चीनमधून निघतो, नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी लाखोंच्या संख्येने थांबतो, भारतीय द्वीपकल्प ओलांडतो आणि थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे झेपावतो. २०१३ साली नागालँडमध्ये काही ससाण्यांना उपग्रह-प्रेषक लावल्यावर ही वाट नकाशावर उमटली. हिवाळ्याच्या सुरुवातीला लोणावळ्याच्या पठारांवर हे ससाणे काही दिवस थांबतात तेव्हा पक्षीनिरीक्षक मुंबई-पुण्याहून तिथे धाव घेतात. कीटक हे त्यांचे मुख्य खाद्य. चतुर आणि ससाणे यांचा हंगाम एक, दिशा एक, उंचीवरचे वारेही एकच. तेव्हा समुद्रावरच्या त्या लांब उड्डाणात ससाण्यांची शिदोरी म्हणजे हे चतुर असावेत, अशी अँडरसन यांची मांडणी आहे. चातक, नीलपंख, वेडे राघू यांच्या काही जातींबद्दलही त्यांनी हेच सुचवले. ही मांडणी अजून सिद्ध झालेली नाही, पण पटण्याजोगी आहे. ती खरी असेल तर माळावरच्या डबक्याचा धागा दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या ससाण्यापर्यंत जातो.

परतीचे वारे आपल्याला चांगले माहीत आहेत. मे अखेरीस सोमालियाच्या किनाऱ्यालगत, हजार-दीड हजार मीटर उंचीवर, वाऱ्याचा एक जोरकस झोत तयार होतो आणि अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. मोसमी पावसाचे बाष्प तोच आणतो. त्याच वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येणारा चातक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. चतुरही त्याच वेळी येतात, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

हिंदी महासागराबाहेरही या जातीच्या हालचाली नजरेत आल्या आहेत. चीनमध्ये बोहाई समुद्रातल्या एका छोट्या बेटावर फेंग होंगच्यांग आणि सहकाऱ्यांनी रडार आणि प्रकाशसापळे लावले, तेव्हा रात्रीच्या अंधारात शेकडो मीटर उंचीवरून चतुरांचे थवे समुद्र पार करताना आढळले, आणि त्यांत भटके चतुर सर्वाधिक होते. दिवसा उडणारा हा कीटक खुशाल रात्रभर उडतो, हे त्यातून पक्के झाले. हिमालयात ६,२०० मीटर उंचीवर त्याची नोंद आहे. जपानमध्ये तो दर वसंतात दक्षिणेकडून येतो, पिढी दर पिढी उत्तरेकडे सरकत होक्काइदोपर्यंत जातो आणि थंडी पडली की तिथल्या अळ्या गारठून मरतात. पुढच्या वर्षी पुन्हा दक्षिणेकडून नवे येतात. ऑगस्टच्या मध्यात, ओबोनच्या दिवसांत, त्याचे थवे सगळ्यात दाट असतात. ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण, त्यामुळे हे चतुर पितरांना घेऊन येतात अशी तिथे समजूत आहे आणि त्यांना मारू नये असे मुलांना सांगितले जाते.

आपल्याकडे डबके म्हटले की पहिला विचार डासांचा येतो. काळजी रास्त आहे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः घरातल्या आणि घराभोवतीच्या भांड्यांत, टाक्यांत, टायरांत वाढतो. आणि माळावरच्या डबक्यात डासांच्या अळ्या असल्या तरी त्यांना खाणाऱ्या चतुरांच्या अळ्याही तिथेच असतात. म्यानमारच्या यांगून शहरात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या सहभागाने घरगुती पाणीसाठ्यांत क्रोकोथेमिस चतुराच्या अळ्या सोडल्या गेल्या आणि एडिसची संख्या चांगलीच खाली आली. डबक्यावर सरसकट तेल किंवा विष फवारले की दोन्ही मरतात. नंतर डास आठवड्याभरात परत येतो, चतुराला दोन महिने लागतात. फवारणी करण्याआधी त्या पाण्यात काय पोहते आहे हे वाकून पाहायला हवे. भटका चतुर दुर्मीळ नाही. जागतिक पातळीवर त्याची गणना चिंता नसलेल्या जातींत होते. सड्यांवरचे खळगे बुजवणे आणि माळ सपाट करणे याचा फटका त्याच्यापेक्षा त्याच पाण्यावर जगणाऱ्या, पण उडून दुसरीकडे जाऊ न शकणाऱ्या जिवांना आधी बसेल.

भटकणे हा या जातीचा स्वभाव आहे की परिस्थितीने लावलेली सवय, याचे उत्तर पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई अर्थात ईस्टर बेटावर मिळते. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या या बेटावर चतुराची एकच जात आहे, आणि ती हीच. कधीतरी वाऱ्याने काही भटके चतुर तिथे आणून टाकले. तिथे त्यांना विझलेल्या ज्वालामुखींच्या मुखांत साठलेली, न आटणारी तळी मिळाली. इतर चतुरांची स्पर्धा नव्हती. पाणी शोधत हिंडायचे कारण उरले नाही, आणि चारी बाजूंना असा समुद्र की उंच चढून वाऱ्यावर स्वार झालेला चतुर परत येण्याची शक्यता नाही. जे उंच गेले ते नाहीसे झाले. जे खाली राहिले त्यांची पिल्ले वाढली. मायकेल सॅमवेज आणि ऑस्बॉर्न यांनी १९९८ साली या वस्तीचा अभ्यास मांडला. तिथले चतुर इतर ठिकाणच्या चतुरांपेक्षा रंगाने गडद आहेत. ते जमिनीलगत उडतात, मोकळ्या समुद्राकडे जाणे टाळतात, आणि सूर्यावर ढग आला की उडणे थांबवून ताबडतोब खाली बसतात.